पेटी उघडायचं हत्यार

भाड्यानं खोली मागायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? नोकरी कुठं, घरात माणसं किती, गाडी लावणार कुठं. राजारामपुरीतल्या त्या दुमजली घराच्या मालकांनी मला दारातच उभं केलं, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि म्हणाले, "आ करा."

मी आ केला. पांढऱ्या मिशांचा, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच माणूस सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात 'आ करा' म्हणाला, की आ आधी होतो आणि विचार मागून येतो. त्यांनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं लावून तोंड उजेडाकडं वळवलं. ती बोटं थरथरत होती. मला वाटलं, मीच घाबरून कापतोय.

"खालची डावी दाढ गेल्यात जमा. तंबाखू न्हाय, सुपारी हाय. झोपेत दात खाताय. थापा मारताय, पण दुसऱ्याचं वाटोळं हुईल असल्या न्हाईत." एवढं निदान झाल्यावर त्यांनी तपासणी फी म्हणून एकच प्रश्न विचारला, "मधमाशी चावली तर बोंबलणार का?"

"बोंबलणार," मी म्हणालो.

"मग चालतंय. जो न्हाय म्हणतो त्यो पार बिंदू चौकापातूर बोंबलतो. पावणं, सामान कधी आणताय?"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अय्यो, दारात आलेल्या माणसाला 'बायी तेरी, बायी तेरी' काय करताय हो! आधी पाणी तरी विचारा!" या त्यांच्या पत्नी, सगळ्या गल्लीच्या अक्का. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं राग आला की कन्नड आणि फार राग आला की मराठी. 'बायी तेरी' म्हणजे तोंड उघड. घरमालक पेशानं डॉक्टर. त्यांचा जन्म 'आ करा' म्हणण्यात गेला आणि अक्कांचा त्यांना वेडावण्यात.

शाहूपुरीत डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. होता म्हणजे काय होता! त्यांनी काढलेल्या दाढा एका जागी रचल्या असत्या तर पन्हाळ्याला शेजार मिळाला असता. एका पैलवानाची दाढ त्यांनी इतकी अलगद काढली की गडी दाढ निघाल्यावरही तोंड वासून खुर्चीत बसून राहिला आणि तशाच वासलेल्या तोंडानं विचारू लागला, "डॉक्टर, सुरू कवा करतायसा?" दाढ तोवर त्याच्याच खिशात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ज्यानं मला सांगितलं त्यानंही पाहिलेलं नव्हतं. म्हणजे साक्षीदार दोन झाले.

मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणोत. यातलं निम्मं सोडून द्या, तरी डॉक्टर पुष्कळ उरतात. पण पुढचं मात्र मी तसूभर वाढवलेलं नाही, कारण ते खुद्द त्यांनी सांगितलंय. एका दुपारी पेशंट म्हणून आलेल्या एका बाईंच्या तोंडात त्यांनी तपासायचा छोटा आरसा घातला आणि तो आरसा दातावर टकटक वाजायला लागला. बाईंना वाटलं, डॉक्टर दात ठोकून बघताहेत. डॉक्टरांनी आरसा बाहेर घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमची दाढ ठणठणीत हाय. डॉक्टर बिघडलाय." बाईंना त्यांनी शेजारच्या डॉक्टरांकडं स्वतः नेऊन बसवलं आणि परत येऊन शटर ओढलं ते कायमचं.

मग सगळा दवाखाना गच्चीवर आला. गच्चीवर त्यांच्या हौसेच्या मधपेट्या आधीपासून होत्या. आता त्या पेशंट झाल्या. सकाळी बिनवासाच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पेटीवर नखानं टिचकी मारायची, कान लावायचा. आतून घूं असा एकसुरी आवाज आला तर तब्येत बरी. झाकणाला ते तोंड म्हणत. झाकण उघडण्याआधी वाकून अगदी हळू, जी माया त्यांनी माणसांना कधी दाखवली नव्हती त्या मायेनं म्हणत, "आ करा."

हातमोजे कधी घातले नाहीत. "मोजं घालून माशीला हात लावायचा म्हंजे तोंडाला रुमाल बांधून मुका घ्यायचा," हे त्यांचं वचन. केळं खाऊन गच्चीवर यायला सक्त बंदी. माशी डंख मारते तेव्हा पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासानं बाकीच्या पिसाळतात. यात खोटं काही नाही. मी तेव्हा एका क्लासमध्ये पोरांना केमिस्ट्री शिकवत होतो, मला ठाऊक होतं. पण डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचे. पाण्याची टाकी धुवायला आलेल्या माणसाला एकदा शिकरण खाल्ल्याबद्दल त्यांनी अर्ध्या जिन्यातून परत पाठवलं. टाकी आठवडाभर तशीच. आम्ही शेवाळ प्यालो, पण माशा शांत होत्या.

आता हत्याराचं. ज्यांनी मधपेटी पाहिली नाही त्यांना सांगतो. लाकडी पेटी, आत लाकडी चौकटी टांगलेल्या, चौकटीत पोळी. माशांना फट दिसली की त्या मेण भरून बुजवतात. झाकण पेटीला चिकटतं, चौकट चौकटीला. ते सोडवायला एक चपटं लोखंडी हत्यार लागतं, टोकाला धार असलेलं. ते फटीत सारायचं आणि जरा तिरकं करायचं, की झाकण सुटतं. एवढंच. पण ते हिसका न बसता सुटलं पाहिजे. आपली सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी माशी, जावयापेक्षा मानी. पेटीला वरचेवर हिसके बसले, तर मध, पिल्लं, सगळं टाकून अख्खं बिऱ्हाड एका दुपारी उठतं आणि आकाशात काळा पदर ओढल्यासारखं निघून जातं. मागं वळूनसुद्धा बघत नाही.

आणि डॉक्टरांचा हात कापत होता. "पेशंट चार वेळा माफ करतो," ते म्हणायचे, "माशी करत न्हाय."

मी राहायला गेलो तेव्हा गच्चीवर पेट्यांची रांग होती. हळूहळू ती रांग मोकळ्या खोक्यांची झाली. प्रत्येक बिऱ्हाड उठलं की डॉक्टर दोष हाताला न देता हत्याराला द्यायचे आणि नव्या हत्याराच्या शोधाला लागायचे. दाताची त्यांची नाजूक हत्यारं झाली. रंगाऱ्याची लांबी भरायची पत्री झाली. स्क्रू ड्रायव्हर झाला. गवंड्याची थापी झाली. अक्कांचं उलथनं एकदा नाहीसं झालं आणि धिरडी करपली. त्या दिवशी त्या फार रागावल्या असाव्यात, कारण शुद्ध मराठीत बोलल्या. मग परदेशी बनावटीची खास मधपेटीची पट्टी मागवली, लाल रंगाची, चकचकीत. डॉक्टरांनी ती दोन दिवस उशाशी घेतली आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "गोऱ्यांचं हत्यार. ह्येला वाटतंय माशी म्हंजे डबा हाय."

त्यांची एक ठाम समजूत होती: हत्यार हलकं पाहिजे. जितकं हलकं तितकं नाजूक. दातवाल्याच्या हातात जड वस्तू म्हणजे हमाली. म्हणून दर वेळचं हत्यार आधीच्यापेक्षा हलकं. शेवटी शेवटी तर ते इतकं पातळ झालं की पंखा लावला की ट्रेमधून उडायचं. आणि हत्यार हलकं होईल तशी त्याच्या टोकाची थरथर वाढत होती. मला दिसत होतं. एकदाच म्हणालो, "डॉक्टर, मी उघडून देऊ का? तुम्ही सांगाल तसं करतो."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझी खालची डावी दाढ ठणकली. "पावणं, शाहूपुरीत माझ्या खुर्चीत दुसऱ्यानं हात घातलाय असं कवा ऐकलंय?"

शेवटी एकच पेटी उरली. अक्कांनी जिन्याखालूनच जाहीर केलं, "ही उठली की गच्ची माझी. सांडगे घालणार मी." जिन्याखालूनच, कारण माशा आल्यापासून त्यांनी गच्चीवर पाऊल ठेवलं नव्हतं. माशीची भीती नव्हे, राग. सवतीसारखा.

डॉक्टर नेहमीसारखे ओरडले नाहीत. म्हणाले, "ही उठली तर मी तरी वर कशाला जातोय?" आणि आत जाऊन पडून राहिले. तेव्हा मला कळलं, हा माणूस दवाखाना एकदा बंद करू शकला होता. दुसऱ्यांदा बंद करायला त्याच्याकडं दुसरी गच्ची नव्हती.

आणि नेमकी त्याच पेटीला कीड लागली. दाराशी मेणाचा भुगा पडायला लागला, आत कोळ्याची असतात तशी जाळी दिसायला लागली. मेणकिडा. पोळं पोखरत जातो. पेटी उघडून किडकी पोळी कापून काढली नाहीत तर माशा कंटाळून जाणार. आणि उघडताना हिसका बसला तर आजच जाणार. डॉक्टर दिवसभर त्या पेटीपुढं हत्यारांचा ट्रे घेऊन बसले. एकेक उचलायचे, फटीजवळ न्यायचे, टोक लाकडावर टकटक वाजायचं, ठेवून द्यायचे. शेवटी शिडशिडीत पोलादी पत्ती त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात भिरकावली आणि खाली आले.

मी अक्कांच्या स्वयंपाकघरात चहाला बसलो होतो. तेही येऊन बसले. अक्कांनी माझ्यापुढं कपबशी ठेवली आणि त्यांच्यापुढं पितळी फुलपात्र. ते त्यांनी उचललं, ओठाला लावलं, घोट घेतला, खाली ठेवलं. काठोकाठ भरलेलं होतं. एक थेंब सांडला नाही.

अर्ध्या तासापूर्वी ज्या हाताला बोटभर पत्ती स्थिर धरता येत नव्हती, त्या हातानं! ते हात धुवायला उठले तसं मी ते फुलपात्र उचलून पाहिलं. माझं मनगट खाली गेलं. फुलपात्र कसलं, उखळाची धाकटी बहीण होती ती.

अक्कांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. मोरीकडं एक नजर टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, स्टीलच्या कपातनं चहा अंगावर सांडायला लागला होता त्यांच्या. चहाच सोडतो म्हणाले. मग माहेरचं हे काढलं, कल्हई करून आणली. पितळेत प्यालं की पित्त होत नाही म्हटलं. हातात वजन असलं की कमी कापतो हो हात. पळी बदलली, ताट बदललं. सदऱ्याची बटणं काढून आत चिकटपट्टी लावली."

"मग हे हत्याराचंही त्यांना सांगा की!"

"मी कसं सांगू? सांगितलं की त्यांचा हात मी बघितला असं होणार." त्या फुलपात्र उगाचच घासत राहिल्या. "इतकी वर्षं मी बघितलाच नाही. तुम्ही सांगा. थापा बऱ्या मारता म्हणतात ते. काहीतरी केमिस्ट्री लावा."

आता अशी थाप मारायची जबाबदारी आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विश्वासानं सोपवलेली. मी जीव ओतला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन डॉक्टरांना म्हणालो की रशियात बर्फाळ मुलखात जे मध काढणारे आहेत, ते पेटी उघडायला चक्क रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतात. जड लोखंड थंड राहतं, त्यामुळं माशीला झोप येते. तिथं एक म्हातारा आहे, त्याचं हत्यार उचलायला दोन माणसं लागतात आणि त्याच्या माशा तर घोरतात.

डॉक्टर शांतपणे ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "रशियात?"

"व्हय."

"आणि त्यो म्हातारा च्या कशातनं पितो? पितळी फुलपात्रातनं?"

माझा आ झाला, न सांगता.

"पावणं," ते म्हणाले, "दाताचा डॉक्टर हाय मी. पितळेचा आणि पित्ताचा काय संबंध न्हाय, एवढं मला कळतंय. सदऱ्याची बटणं आपोआप गळत न्हाईत ह्येपण कळतंय. पर तिला वाटतंय मला कळत न्हाय. तेवढ्यावर तिचं बरं चाललंय. तुम्ही कायबी बोलू नका."

"मग जड हत्यार आधीच का नाही घेतलंत?"

ते पेटीकडं वळले. दारातून दोन माशा मेणाचा भुगा ढकलत होत्या. "च्याचं वझं अक्कानं उचललंय," ते म्हणाले. "त्ये मला बघायला लागत न्हाय. हत्यार मलाच निवडायचं. जड घेतलं की हात गेला म्हणून सही केल्यागत झालं. त्ये हुईना माझ्याच्यानं."

माशांनी भुगा काठाशी आणून खाली टाकला आणि दुसरा आणायला आत गेल्या. डॉक्टर गुडघ्यावर हात टेकून उठले. "स्कूटर काढा. ह्या बायका आतनं सारवण करायल्यात आणि मी भाईर रुसून बसलोय."

उद्यमनगरात ट्रकचे पाटे दुरुस्त करणारे एक चाचा होते. पाटे म्हणजे ट्रकच्या पोटाखाली असतात त्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. सगळा भार त्यांच्यावर. डॉक्टरांनी कधीकाळी चाचांचे दोन दात काढलेले. चाचांनी त्यांना ओळखलं आणि आधी तोंडावर हात ठेवला.

"घाबरू नगा, आज मी पेशंट हाय," डॉक्टर म्हणाले आणि भंगाराच्या ढिगापुढं उकिडवे बसले. बाजारात वांगी निवडावीत तसे ते तुकडे निवडत होते. उचलायचे, हात पुढं लांब करायचा, टोकाकडं बघायचं. टोक थरथरायचं. खाली. दुसरा. थरथर कमी. खाली. चाचांनी ग्राइंडर बंद केला. का ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी एक काळा, गंजका, ओबडधोबड तुकडा उचलला. त्याचं टोक हललं, आणखी जरासं हललं, आणि थांबलं. तळ्यावर वारा पडतो तसं थांबलं. डॉक्टरांनी हात डावीकडं नेला, उजवीकडं नेला. टोक सोबत गेलं, न कुरकुरता.

"ह्यो कुठला?"

"उसाच्या ट्रकचा हाय," चाचा म्हणाले. "लई वझं काढलंय त्यानं. न्या डॉक्टर, धार लावून देतो. एक टोक वाकवून देऊ का, चौकट उचलायला?"

"द्या," डॉक्टर म्हणाले. "हितंच सही करतो."

चाचांना वाटलं, पावतीबद्दल बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर पेटी उघडायची ठरली. मी गोणपाटाच्या चिंधीचा धूर धरून उभा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भिंतीआड, एका लुगड्याचा काठ दिसत होता. मी पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं आणि पाहिलं नाही.

त्यांनी टिचकी मारली, कान लावला. हत्यार फटीशी नेलं. टकटक झाली नाही. धार मेणात शिरली, बोट लोण्यात शिरावं तशी. "आ करा," ते म्हणाले, आणि मनगट तिरकं केलं. झाकण सुटल्याचा आवाज कुणालाच आला नाही, माशांनासुद्धा. एकेक चौकट वर आली. किडकं पोळं कापून बादलीत पडलं. माशा त्यांच्या उघड्या मनगटांवरून फिरत होत्या, डॉक्टर राउंडवर असताना नर्सा फिरतात तशा. झाकण परत बसलं तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता आणि जिन्यातला काठ नाहीसा झाला होता.

पण खरी परीक्षा त्यानंतर होती. त्या राहतात की उठतात? डॉक्टर दिवसभर पेटीसमोरून हलले नाहीत, जेवणसुद्धा वरच पाठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या आरोळीनं मी आणि माझ्यामागं सगळी गल्ली जागी झाली.

"पावणं! पायाला पिवळं हाय!"

माशा परत येत होत्या आणि त्यांच्या मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे होते. पराग पिल्लांसाठी असतो. पिल्लांचा दाणागोटा भरणारी बाई घर सोडत नाही. खालून अक्का ओरडल्या, "माझे सांडगे गेले म्हणायचे!" आणि चहाला बोलवायला विसरल्या नाहीत.

पुढं मी स्वतःचा फ्लॅट घेतला, पण गल्लीशी नातं तुटलं नाही. त्या एका पेटीच्या चार झाल्या. मी चाळीस सांगतो. परवा गेलो तर दाराला नुसतीच कडी. वरून आवाज येत होते. गच्चीवर डॉक्टर खुर्चीत बसले होते. हात आता मांडीवर ठेवला तरी कापतो. फुलपात्रही अक्काच ओठाला लावतात. आणि पेटीपुढं पदर खोचून, ते काळं हत्यार दोन्ही हातांत धरून, खुद्द अक्का उभ्या होत्या.

"नखानं मारा आधी," डॉक्टर सांगत होते. "कान लावा. आता आ करा म्हणा."

"म्हणते हो, साकु, पुरे आता," अक्का वैतागल्या. मग वाकून, पेटीच्या अगदी जवळ तोंड नेऊन, हळूच म्हणाल्या, "बायी तेरी."

झाकण सुटलं. माशांना कन्नड येत होतं.

"हिसका बसला," डॉक्टर म्हणाले.

"बसला नाही."

"जरासा."

"तुमच्या खुर्चीला बसला असेल."

काम झालं. झाकण बसवलं. अक्कांनी हत्याराचं मेण पदराच्या टोकानं पुसलं, मला माझ्या लेकीच्या लग्नाचं विचारत विचारत वळल्या, आणि न बघता, जणू जागेवर ठेवून द्यावं तसं, ते डॉक्टरांच्या कापत्या हातात ठेवलं. बोटं त्याच्याभोवती मिटली. अक्का माझ्याशी बोलतच होत्या. उसाच्या ट्रकचं ते लोखंड मांडीवर टेकलं, आणि हात थांबला.